गाडीत दुसरं इंजिन टाकताय? चार की सहा सिलिंडर, आधी आरसी बघा

नवी मुंबई : मोबाईलवर टोयोटाच्या 2जेझेड इंजिनाचे रील्स सगळ्यांनी पाहिलेत. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन उचलून भलत्याच गाडीत बसवतात. ते बघून पनवेल, उरण, कर्जतकडची पोरं आपल्या जुन्या स्कॉर्पिओ नाहीतर जीपसाठी विचारतात, चार सिलिंडर टर्बो टाकू की सहा?

फरक समजायला कळंबोलीत उभ्या असलेल्या टाटाच्या जुन्या ट्रकांकडे बघा. 1109 मध्ये 497 इंजिन, 1613 मध्ये 697. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचा 97 म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एका सिलिंडरमध्ये साधारण 946 सीसी. चारचे झाले 3783, सहाचे 5675. म्हणजे सिलिंडर तेवढाच, फक्त दोन जास्त.

या दोनाने काय मिळतं? चार सिलिंडरमध्ये क्रँक अर्धा फिरला की एक स्फोट होतो. सहामध्ये त्याआधीच, एक तृतीयांश फेऱ्यात. त्यामुळे ओढ सलग लागते. शिवाय एका रांगेतल्या सहा सिलिंडरचे झटके एकमेकांना मारतात, म्हणून थरथर कमी.

पण इंजिन लांब होतं आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. मग रेडिएटरला जागा उरत नाही, फाउंडेशन नव्याने वेल्डिंग करावं लागतं, पुढचे पाटे किंवा स्प्रिंग बसतात. जुना क्लच आणि गिअरबॉक्स तो जोर झेपवत नाहीत. ब्रेक मात्र जुनेच! बोरघाट उतरताना इंजिनाचा पॉवर कामाला येत नाही, ब्रेकच लागतात. इंजिनाची किंमत सांगणारा मिस्त्री हा बाकीचा खर्च सहसा नंतर सांगतो.

टर्बोचं काम वेगळं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो आणि दुसऱ्या बाजूने जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. म्हणून चार सिलिंडर टर्बो बिनटर्बोच्या मोठ्या इंजिनाचं काम करतं. आपल्या रस्त्यांना आणि घाटाला ते पुरतं, डिझेलही कमी पितं. फक्त ऑइल वेळेवर बदला, आणि घाट चढून आल्या आल्या चावी काढू नका. मिनिटभर आयडलवर ठेवा.

आता कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. चारच्या जागी सहा सिलिंडर टाकलं की तपशील बदललाच. कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन खरंच गेलं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. काम करायच्या आधी आरटीओची परवानगी काढा. एमएच 46 वाल्यांनी पनवेलला, एमएच 43 वाल्यांनी नवी मुंबई आरटीओत. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. जुनं इंजिन घेताना बिल मागाच, त्यावर इंजिन नंबर असला पाहिजे. बिल नाही म्हणाला तर ते चोरीच्या गाडीचंही असू शकतं.

नवा नंबर आरसीवर चढला की विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेयर बोनेट उघडून नंबर आरसीशी ताडून बघतो, आणि तिथे मेळ बसला नाही तर क्लेम अडकतो.