अर्जुनाच्या पाठीशी कर्णाचा मुलगा

वीरकथेत नायकाच्या खालोखाल एक दुसरा वीर असतो, जो नायकाबरोबर लढतो, त्याच्या चुका सांभाळून घेतो आणि बहुधा त्याच्या आधी पडतो. या दुय्यम वीराचे मरण, त्याचे परत येणे आणि या दोहोंच्या मध्ये त्याच्या घरच्या माणसांवर जे गुदरते ते, हा विषय अमेरिकी कॉमिक्समधील बॅटमनच्या रॉबिनमुळे जगभरच्या वाचकांच्या बोलण्यात आला असला, तरी मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात रात्र जागवून दशावतारी नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला तो पिढ्यान् पिढ्या परिचयाचा आहे. लक्ष्मणाला शक्ती लागते, अभिमन्यू चक्रव्यूहात पडतो, बभ्रुवाहनाच्या बाणाने वृषकेतूचे शिर उडते, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असूनही मांडवातली माणसे डोळे पुसतात. या तिघांपैकी वृषकेतूचे नाव सर्वांत कमी घेतले जाते, पण दुय्यम वीराचे मरण आणि परतणे कशासाठी असते हे त्याच्या कथेतून जितके उघड होते तितके इतरांच्या कथांतून होत नाही.

वृषकेतू हा कर्णाचा मुलगा. व्यासांच्या महाभारतात तो भेटत नाही. भारतीय युद्धानंतर युधिष्ठिराने केलेल्या अश्वमेध यज्ञाची जी विस्तृत कथा जैमिनीच्या नावावर सांगितली जाते, त्या जैमिनी अश्वमेधात तो येतो. हरिविजय (1702), रामविजय (1703) आणि पांडवप्रताप (1712) लिहिणाऱ्या श्रीधर कवींनी ही कथाही ओवीबद्ध केली आणि ती मराठी घराघरांत वाचली गेली. यज्ञासाठी लागणारा श्यामकर्ण घोडा भद्रावती नगरीच्या यौवनाश्व राजाकडे असतो आणि तो आणायला भीम निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर दोन तरुण जातात: एक घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण आणि दुसरा वृषकेतू. ज्याच्या बापाला आपण मारले त्या मुलाला बरोबर कसे न्यावे, म्हणून भीमाला संकोच वाटतो, परंतु वृषकेतूच आपण होऊन पुढे होतो आणि आपल्या वडिलांनी दुर्योधनाची बाजू घेतल्याचा डाग आपल्या हातून धुतला जावा अशी इच्छा बोलून दाखवतो. कर्ण हा कुंतीचा मुलगा होता हे तोवर सर्वांना कळलेले असते, त्यामुळे हा मुलगा पांडवांचा सख्खा पुतण्या ठरतो. त्यांनी भाऊ म्हणून न ओळखता ज्याला मारले, त्याची जिवंत खूण त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत असते.

यज्ञाचा घोडा फिरत फिरत मणिपुरात शिरतो. तेथे अर्जुनाचा आणि चित्रांगदेचा मुलगा बभ्रुवाहन राज्य करीत असतो. घोडा अडवल्यावर तो वडिलांचा आहे हे कळताच बभ्रुवाहन भेटवस्तू घेऊन नम्रपणे सामोरा जातो, आणि अर्जुन, क्षत्रियाने असे शरण येणे हे भ्याडाचे लक्षण आहे असे मानून, त्याला आपला मुलगा म्हणून स्वीकारण्याऐवजी त्याचा आणि त्याच्या आईचा अपमान करतो. अपमानित मुलगा शस्त्र उचलतो. या युद्धात अर्जुनाच्या बाजूने वृषकेतू लढतो आणि बभ्रुवाहनाच्या हातून मारला जातो. त्यानंतर शोकाने खचलेला अर्जुनही आपल्याच मुलाच्या बाणाने पडतो. ज्याला बाप नाही असा एक मुलगा चुलत्यासाठी उभा राहतो, ज्याला बापाने नाकारले असा दुसरा मुलगा त्याच्या समोर उभा असतो, आणि दोघेही एकमेकांचे चुलतभाऊ असतात. घरातल्या घरात सुरू झालेले हे युद्ध शत्रूशिवायचे युद्ध आहे.

दशावतारात हा प्रसंग कसा उभा राहतो हे समजण्यासाठी त्या नाटकाची घडण लक्षात घ्यावी लागते. दशावतारी नाटक हे मंदिराच्या जत्रेत, म्हणजे ग्रामदेवतेच्या वार्षिक उत्सवात, रात्री होणारे लोकनाट्य असून त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे आडदशावतार किंवा पूर्वरंग, ज्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि ब्राह्मण येऊन जातात आणि वेद पळवणारा शंकासुर मालवणीत प्रेक्षकांशी थट्टामस्करी करून अखेर विष्णूकडून मारला जातो. दुसरा भाग म्हणजे आख्यान, ज्यात रामायण, महाभारत किंवा पुराणांतील एखादी कथा पहाटेपर्यंत चालते, आणि पूर्वापार प्रथेनुसार शेवटी दहीहंडी फोडून काला होतो, म्हणूनच मालवणी माणूस या खेळाला धयकालो म्हणतो. वेंगुर्ल्याचे पार्सेकर, मोचेमाडचे नाईक, नेरूरचे कलेश्वर अशी मंडळे हे खेळ करत आली आहेत. वेषभूषा, दागिने आणि मुखवटे पेटाऱ्यात घालून गावोगाव न्यायचे, नटाने स्वतःचे तोंड स्वतः रंगवायचे आणि रंगमंचावर एका बाकड्यालाच सिंहासन, डोंगर वा रथ मानायचे, अशी ही साधी व्यवस्था होती. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढ्या वाद्यांवर युद्धही होते आणि शोकही होतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे लिहिलेली संहिता येथे नसते. आख्यानाचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो, प्रवेशांचा क्रम खेळापूर्वी ठरतो, आणि संवाद नट आयत्या वेळी स्वतःच्या वाचनावर आणि प्रज्ञेवर उभे करतो. त्यामुळे बभ्रुवाहनाच्या आख्यानात वृषकेतू किती मोठा होईल हे त्या रात्रीच्या नटांवर अवलंबून राहते. एखाद्या खेळात तो दोन वाक्ये बोलून युद्धात पडतो. दुसऱ्या खेळात राजपार्ट करणारा, म्हणजे राजाची मुख्य भूमिका करणारा, अर्जुन त्याचे शिर मांडीवर घेतल्याचा अभिनय करीत पद गातो, पखवाज ठाय लयीत उतरतो, आणि कुरुक्षेत्रावर रथाचे चाक रुतलेल्या कर्णावर सोडलेला बाण अर्जुनाला या मुलाच्या प्रेतापाशी आठवतो. ज्या नटाने पांडवप्रताप नीट वाचला आहे त्याला येथे बोलायला पुष्कळ असते: बापाला मारले ते शत्रू म्हणून, मुलगा गेला तो आपल्यासाठी, आणि दोन्ही मरणांचे पाप एकाच माणसाच्या ओंजळीत पडले. असा विलाप रंगला की स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाच्या चित्रांगदेलाही वेगळे बळ येते, कारण तिला एकाच वेळी मेलेल्या पतीसाठी रडायचे असते आणि जिवंत मुलाला दूषण द्यायचे असते.

परतण्याचा भागही या नात्यांतूनच निघतो. व्यासांच्या महाभारतात अर्जुनाला उठवणारा मणी त्याची नागवंशीय पत्नी उलूपी हिच्याकडून येतो आणि त्या मरणामागे भीष्माला अधर्माने मारल्याबद्दलचा शाप असल्याचे सांगितले जाते. जैमिनीच्या कथेत मणी मिळवणे एवढे सोपे राहत नाही. बापाला मारणाऱ्या बभ्रुवाहनालाच त्यासाठी पाताळात जाऊन नागांशी लढावे लागते, मणी हाती येतो न येतो तोच नाग अर्जुनाचे शिर पळवतात, आणि शेवटी कुंतीसह आलेल्या श्रीकृष्णाला आपल्या आयुष्यभराच्या ब्रह्मचर्याचे पुण्य पणाला लावून ते परत आणावे लागते. त्यानंतर मण्याच्या स्पर्शाने वृषकेतू आणि अर्जुन दोघेही उठून बसतात. म्हणजे ज्याने जीव घेतला त्यानेच तो परत आणण्याचे कष्ट सोसायचे, ही या कथेची अट आहे. परतणे येथे फुकट मिळत नाही, म्हणूनच ते प्रेक्षकाला खोटे वाटत नाही.

लक्ष्मणाच्या बाबतीत हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला जातो. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात तो एकदा नव्हे, अनेकदा पडतो. इंद्रजिताच्या अस्त्रांनी आणि पुढे रावणाच्या शक्तीने. हनुमान औषधींचा पर्वत उचलून आणतो आणि वैद्य सुषेण उपचार करतो, पण श्रोत्यांच्या मनात राहतो तो त्याआधीचा रामाचा विलाप, ज्यात राज्य, विजय आणि सीता हे सगळे भावावाचून निरर्थक असल्याचे तो बोलून जातो. एरवी संयमी असणारा नायक धाकट्याच्या मरणापाशीच उघडा पडतो. श्रीधरांच्याच शिवलीलामृतात (1718) अतिथीच्या हट्टापायी श्रियाळ आणि चांगुणा आपल्या चिलया बाळाला मारतात आणि तो पुन्हा धावत येतो. बंगालमध्ये याच घडणीची गोष्ट दानशूर कर्णाबद्दल सांगितली जाते आणि तेथे आईबापांच्या हातून मारला जाऊन परत येणारा मुलगा वृषकेतूच असतो. एकाच मुलाला लोककथेने दोन प्रांतांत दोनदा मारून दोनदा उठवले, याचा अर्थ कर्णाच्या घरात काहीतरी शिल्लक राहावे अशी ऐकणाऱ्यांचीच ओढ असावी.

सगळेच परतत नाहीत, आणि तेही योग्यच आहे. अभिमन्यू परत येत नाही. कृष्ण मामा असूनही, अर्जुन बाप असूनही तो चक्रव्यूहात पडतो तो कायमचा; मात्र अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या गर्भात मेलेल्या त्याच्या मुलाला, परीक्षिताला, कृष्ण जिवंत करतो. बापाच्या वाट्याचे परतणे मुलाला मिळते. त्यामुळे 'वीर अभिमन्यू'चा प्रयोग संपवून घरी जाणारा माणूस आणि बभ्रुवाहनाचा प्रयोग संपवून जाणारा माणूस निरनिराळ्या मनाने वाट चालतात, आणि चांगल्या परंपरेत या दोन्ही रात्री असाव्या लागतात.

अमेरिकी कॉमिक्समध्ये याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. बॅटमनचा तरुण साथीदार रॉबिन ही भूमिका एकापाठोपाठ एक अनेक मुलांनी केली, त्यांतला दुसरा जेसन टॉड. 1987 पासून सांगितल्या गेलेल्या त्याच्या कथेप्रमाणे तो बॅटमनच्या गाडीची चाके चोरताना सापडलेला रस्त्यावरचा अनाथ मुलगा, ज्याला बॅटमन, म्हणजेच ब्रूस वेन, आपल्या घरी आणतो. वाचकांपैकी बऱ्याच जणांना तो उर्मट वाटे. 1988 मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेने त्याचे भवितव्य वाचकांच्या टेलिफोन मतदानावर सोपवले: त्याने मरावे यासाठी 5,343 मते पडली, जगावे यासाठी 5,271. अवघ्या 72 मतांच्या फरकाने जोकर या खलनायकाच्या हातून त्याचे मरण छापले गेले. जिम स्टार्लिन यांनी लिहिलेल्या त्या कथेत तो जन्मदात्या आईच्या शोधात इथिओपियात पोहोचतो, आई त्याचा विश्वासघात करते, आणि तरीही स्फोटाच्या क्षणी तो तिलाच वाचवू पाहतो. मतदान करणाऱ्यांनी उर्मट मुलाला शिक्षा दिली असेल, पण पानांवर मेला तो आईसाठी आसुसलेला मुलगा, आणि हे मरण पुढील अनेक वर्षे बॅटमनच्या कथांवर सावट धरून राहिले.

2005 मध्ये जुड विनिक यांच्या लेखणीतून जेसन परतला, तो रेड हूड नावाने बॅटमनच्या विरोधात उभा राहूनच. आपल्याला मारणारा जोकर अजून जिवंत का, बापाच्या जागी असलेल्या माणसाने सूड का घेतला नाही, हा त्याचा एकच प्रश्न होता. पुढे बॅटमनचा स्वतःचा मुलगा डेमियन हाही रॉबिन म्हणून 2013 मध्ये मारला गेला आणि नंतर परत आणला गेला. या कथांच्या चाहत्यांत अशा परतण्यांबद्दल जी नाराजी असते तिचे कारण वृषकेतूशेजारी ठेवून पाहिले की कळते. परतणे वारंवार झाले, आणि त्यासाठी कोणाला काही मोजावे लागले नाही, तर आधीचा शोकही उसना ठरतो. जेसनचे परतणे मात्र टिकले, कारण तो हिशेब मागत आला. वृषकेतूकडे असा हिशेब मागण्याचे कारण जेसनहून मोठे होते, कारण त्याच्या बापाचा मारेकरी आणि त्याचा सांभाळकर्ता एकच होता. तरी तो मागत नाही. ही क्षमा दुबळेपणातून आलेली नसून भद्रावतीला निघतानाच त्याने विचारपूर्वक स्वीकारलेली आहे, आणि हे ज्या नटाला उमगते त्याचा वृषकेतू पडताना प्रेक्षक बसल्या जागी सावरून बसतो.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत असे प्रसंग एकेका कागदावर रंगवलेले असतात. चित्रकथी म्हणजे रंगीत चित्रांचा संच एकामागून एक दाखवत गायनातून कथा सांगण्याची कला. तिच्यासाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे पडलेला वीर एका चित्रात आणि उठलेला वीर दुसऱ्या चित्रात असतो, आणि मधला सगळा काळ गाणाऱ्याच्या गळ्यात असतो.

दशावतारात तो मधला काळ आता आक्रसत चालला आहे. ट्रिकसीन, म्हणजे प्रकाश, धूर आणि यांत्रिक करामती वापरून केलेले चमत्कार, लोकांना आवडतात, आणि शिर उडणे किंवा मण्याने देह उठणे यांसाठी त्यांचा उपयोग करण्यात गैर काही नाही. शहरांत नाट्यगृहातले प्रयोग दोन-तीन तासांत आटोपावे लागतात, हेही समजण्यासारखे आहे. परंतु वेळ वाचवण्यासाठी पहिली कात्री जर अर्जुनाच्या विलापावर आणि भीम-वृषकेतूच्या संवादावर चालली, तर उरलेला मणी केवळ जादूचा खडा होतो. रात्रभराच्या जत्रेच्या खेळात तरी मंडळांच्या मालकांनी बभ्रुवाहनाच्या आख्यानात वृषकेतूचे काम नवख्या नटाला जागा भरण्यापुरते न देता कसलेल्या नटाकडे सोपवावे, देवस्थान समित्यांनी त्या विलापाला लागेल तेवढा वेळ द्यावा, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रसिकांनी तो प्रसंग नटांकडून हक्काने मागून घ्यावा.