एक्स्प्लेनर: धोनीची टेरिटोरियल आर्मी, देवळाली कॅम्प आणि खडकीतली १,८०० नावं

महेंद्रसिंह धोनी २०११ पासून टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, हे क्रिकेट पाहणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. त्याची १०६ पॅरा बटालियन बेंगळुरूची. तशीच दुसरी, ११६ इन्फंट्री बटालियन (टीए) पॅरा, नाशिकजवळ देवळाली कॅम्पला आहे. भरतीच्या बातम्यांत तिचं नाव येतं, एरवी फारसं नाही. पण देवळालीचं अशा अर्धवेळ सैनिकांशी असलेलं नातं थेट पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जातं.

टेरिटोरियल म्हणजे कोण?

नोकरी-धंदा सांभाळून सैन्यात सेवा देणारे नागरिक. ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यायचं, गरज पडली की हजर व्हायचं. स्वतंत्र भारतात या दलाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांनी केलं. कल्पना मराठी माणसाला नवी नाही. शेती करून मोहिमेवर जाणारे मावळे आणखी काय होते?

१९१४ मध्ये काय घडलं?

महायुद्ध पेटलं आणि भारतातल्या ब्रिटिश पलटणी युरोपच्या आघाडीवर हलवल्या गेल्या. त्यांच्या जागी वेसेक्स, होम काउंटीज अशा भागांतल्या टेरिटोरियल तुकड्या भारतात आल्या. ही मुळात त्या त्या जिल्ह्याची पोरं. कारकून, दुकानातले नोकर, शेतमजूर. मायदेशाच्या रक्षणासाठी नाव नोंदवलं आणि पोहोचले हिंदुस्थानात. मुंबई बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचा मोठा तळ देवळालीत होता. जहाजाची वाट पाहत इथे कंटाळलेल्या सैनिकांवरून इंग्रजीत 'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द रुळला. विनोद शंभर वर्षं टिकला.

मेलेल्यांचं काय झालं?

भारतात आलेले अनेक जण गोळीने नव्हे, कॉलरा, मलेरिया, उष्माघाताने गेले. छावण्यांच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. पुढे भारत-पाकिस्तानातल्या अशा अनेक कबरींची देखभाल अशक्य झाली, तेव्हा त्या सैनिकांची नावं पुण्यात खडकीच्या युद्धस्मारकावर कोरण्यात आली. अशी १,८०० हून अधिक नावं तिथे आहेत. माणूस एका गावच्या मातीत आणि नाव दुसऱ्याच गावच्या दगडावर, असा हा हिशेब.

नाव तरी आहे, हेही कमी नाही. महाराष्ट्रातल्या काही गावांत त्याच युद्धाच्या इंग्रजी शिळा आहेत. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढाच आकडा त्यांवर कोरलेला. नाव एकाचंही नाही. पावनखिंडीचंही थोडं तसंच. बाजीप्रभू आणि फुलाजी यांची नावं घरोघरी ठाऊक, बाकीचे बांदल मावळे मात्र 'तीनशे' या आकड्यातच राहिले. तरी दर जुलैत हजारो जण पन्हाळ्यावरून निघून चिखल-पावसात खिंडीपर्यंत चालत जातात. १३ जुलै १६६० ची ती वाट पायांखाली घेणं, हीच त्यांची आदरांजली.

ब्रिटनने काय केलं?

१ जुलै १९१६ या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. त्यात एकाच शहरातून, एकाच मोहल्ल्यातून भरती झालेल्या स्वयंसेवकांच्या पलटणी होत्या. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, सुमारे १,४०० तरुण जुन्या गणवेशात रेल्वे स्थानकांवर, बाजारात न सांगता उभे राहिले. भाषण नाही, लढाईचं नाटक नाही. कुणी जवळ गेलं की ते गप्पपणे एक कार्ड हातात देत. त्यावर त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचं नाव आणि पलटण. कलाकार जेरेमी डेलर यांची ही कल्पना. तलवारबाजीच्या देखाव्यापेक्षा ती जास्त बोचते.

नाव शोधायचं तर?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी मोफत पाहता येते. खडकीच्या स्मारकाची नोंद तिथे 'किर्की' या जुन्या इंग्रजी नावाने आहे. नाव, पलटण, मृत्यूची तारीख मोबाइलवरच दिसते.