तरवडाचे औषधी गुण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या मुरमाड टेकड्यांवर, गंगाखेडकडील बालाघाटाच्या उतारांवर आणि गावोगावच्या माळरानांवर पिवळ्याधमक फुलांनी बहरणारे तरवड (सेन्ना ऑरिक्युलाटा) हे मूळचे भारत व श्रीलंका या प्रदेशातील झुडूप असून, नवरात्रात घटावर चढवल्या जाणाऱ्या माळांत त्याच्या फुलांना मराठवाड्यात मानाचे स्थान आहे. इतकी परिचित वनस्पती औषध म्हणून मात्र पुष्कळदा चुकीची ओळखली जाते.

तरवड म्हणजेच सोनामुखी, म्हणून त्याचा पाला पोट साफ करतो, हा समज जुना आहे. दोन्ही वनस्पती एकाच प्रजातीतील, म्हणजे जवळचे नाते असलेल्या जातींच्या एकाच गटातील असल्या, तरी सोनामुखीला रेचक गुण देणारी सेनोसाइड ही द्रव्ये तरवडाच्या पानांत नसतात. किंबहुना व्यापारात सोनामुखीत तरवडाची पाने मिसळली जात, आणि ही भेसळ ओळखण्याची रासायनिक कसोटी औषधिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जाणारा टाकळाही याच गटातला, परंतु तो वर्षायू असून त्याच्या शेंगा बारीक व लांब असतात, तर तरवड बहुवर्षायू असून त्याची शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असते.

हा माळावरचा निरुपयोगी झाडोरा आहे, या मतालाही इतिहासाचा आधार नाही. तरवडाच्या सालीत टॅनिन, म्हणजे प्रथिनांना घट्ट बांधणारे तुरट द्रव्य, विपुल असते, आणि दक्षिण आफ्रिकेतून बाभूळवर्गीय वॉटलची साल येऊ लागेपर्यंत दक्षिण भारतातील कातडी कमावण्याचा धंदा मोठ्या प्रमाणात याच सालीवर चालत असे. घसा व हिरड्या दुखत असता सालीच्या काढ्याने गुळण्या करण्याची रीतही याच गुणामुळे समजण्याजोगी आहे, कारण जे द्रव्य कातड्यातील प्रथिने आवळते तेच तोंडातील सुजलेल्या पृष्ठभागावरही आकुंचक परिणाम करते. तरवडाच्या पारंपरिक उपयोगांपैकी हा सर्वांत भक्कम पायावर उभा आहे.

तरवडाची फुले मधुमेह बरा करतात, हा दावा मात्र काळजीने तपासावा लागतो. परंपरेत तरवड प्रमेहावर दिला जात असे, परंतु आयुर्वेदातील प्रमेह म्हणजे लघवीशी निगडित अशा २० विकारांचा समूह असून मधुमेह हा त्यांपैकी केवळ एक आहे; त्यामुळे जुन्या ग्रंथातील प्रत्येक प्रमेहाच्या जागी आजचा मधुमेह वाचणे चुकीचे ठरते. तमिळनाडूतील अण्णामलई विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुलांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर कमी झाली, हे खरे आहे. तथापि ते उंदीर स्ट्रेप्टोझोटोसिन हे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करणारे रसायन देऊन मधुमेही केलेले होते, तर माणसांत बहुसंख्येने आढळणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वेगळ्या कारणांनी जडतो. अशा प्रयोगाने पुढील संशोधनाची दिशा मिळते, रुग्णासाठी मात्रा ठरत नाही. त्याच्या आधारावर इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करून काढ्यावर राहणे जीवावर बेतू शकते.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, ही समजूतही तितकीच घातक आहे. श्रीलंकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृताला इजा करू शकणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड द्रव्ये ज्या औषधी वनस्पतींत आढळली, त्यांत तरवडाचाही समावेश होता. त्याच देशातील २००४ च्या अभ्यासात, अपस्मारावरील कार्बामॅझेपिन या औषधाबरोबर तरवडाचा काढा दिलेल्या उंदरांच्या रक्तात त्या औषधाचे प्रमाण वाढल्याचे दिसले. म्हणूनच आधीपासून औषधे चालू असलेल्याने असा काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.