रस्त्यावरच्या धुळीचा पंचनामा

शाळेच्या वाटेवर वर्दळीचा चौक लागत असेल, तर घरी आल्यावर ओला पांढरा रुमाल चेहऱ्यावरून फिरवून पाहा. रुमाल काळा होतो. हे काय आहे? "गाड्यांचा धूर," असे तुम्ही म्हणाल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

रुमालावर दिसते ती बहुतेक जाड धूळ. खरी काळजी २.५ मायक्रॉनहून लहान कणांची. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा खाली पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा २५ मायक्रॉनचा कण संथ हवेत दीड मीटर खाली यायला सुमारे सव्वा मिनिट घेतो; २.५ मायक्रॉनच्या कणाला शंभरपट वेळ, म्हणजे दोन तासांहून अधिक लागतो. चौकातली हवा तर सतत ढवळलेली! हे कण तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

ते येतात कोठून? लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रस्त्याकडेच्या धुळीवरून फिरवा. काळी पूड चिकटेल. ब्रेक दाबल्यावर घासून निघालेले लोखंड तिच्यात असतेच. पण थांबा! माझे विद्यार्थी इथेच फसतात. महाराष्ट्राचा बराच भाग बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे खनिज असते. म्हणजे नुसत्या लोखंडावरून गुन्हेगार सापडत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ गाळणकागदावर कण गोळा करतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि कोणती मूलद्रव्ये एकत्र सापडतात ते पाहतात. लोखंडाबरोबर तांबे, अँटिमनी आणि बेरियम असेल, तर संशय ब्रेकवर. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असेल, तर ती माती. जस्त टायरच्या रबरातून येते. पण ते इंजिनाच्या तेलातही असते, तेव्हा जपून! काजळी मुख्यतः डिझेलची. मात्र जवळ शेकोटी पेटली असेल तर पोटॅशियमही वाढलेले दिसते.

काही कण तर कोणत्याच नळीतून बाहेर पडत नाहीत. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्ल बनते, त्याला अमोनिया भेटतो आणि अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. थंडीत ते अधिक टिकतात.

धुरावर उपाय झाले आहेत. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. एप्रिल २०२० पासून देशभर इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. ब्रेक आणि टायर मात्र झिजतच राहिले. विजेच्या गाडीला धुराची नळी नाही. तिची मोटर वेग कमी करताना जनित्राचे काम करते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. पण बॅटरीच्या वजनाने टायरवरचा भार वाढतो. युरोपने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली.