हिऱ्याच्या ऐरणीला टेकू कुठला?

अंगठीतल्या हिऱ्याचं खालचं टोक कोंदणात दडलेलं असतं. उच्च दाबाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र नेमकं तेच टोक हवं असतं. ते घासून सपाट करायचं, असे दोन हिरे समोरासमोर आणायचे, मधल्या धातूच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात नमुना ठेवायचा आणि स्क्रू आवळायचे. सपाट टोक ०.१ मिलिमीटर रुंद असेल, तर तिथे ८० किलोचा, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढा भार १०० गिगापास्कल दाब निर्माण करतो. हा झाला वातावरणाच्या सुमारे दहा लाख पट दाब. (हा कागदावरचा हिशोब; प्रत्यक्षात बराचसा भार पत्राच खातो.)

१९५८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये चार्ल्स वेअर, अल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे उपकरण घडवलं. त्यासाठीचे हिरे तस्करांकडून जप्त केलेल्या मालातले होते. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन टंगस्टन कार्बाइडच्या ऐरणी वापरत. दाब भरपूर मिळे, पण आत काय चाललंय ते दिसत नसे. हिरा कठीण तर आहेच, शिवाय क्ष-किरणांना वाट देतो. हे किरण नमुन्यातून ठरावीक कोनांत विखुरतात, आणि त्या कोनांवरून दाबाखाली अणूंची मांडणी कशी बदलली ते कळतं.

खरी गोची इथेच आहे. एवढा दाब सोसणाऱ्या हिऱ्याला मागून भक्कम बैठक लागते आणि ती बैठक असते टंगस्टन कार्बाइडची, क्ष-किरणांना अडवणारी; म्हणून किरणांसाठी तिला भोक पाडावं लागतं. हे भोक लहान ठेवलं तर हिरा सुरक्षित, पण तिरपे निघालेले किरण आतच अडकतात आणि निम्मी माहिती हातची जाते. भोक मोठं केलं तर हिऱ्याची पाठ अधांतरी राहते, तिथे ताण येतो आणि हिरा तडकतो. बेरिलियमच्या बैठकीतून किरण जातात, पण ती तुलनेने कमजोर, तिची धूळ विषारी, आणि तिच्यातून विखुरलेल्या किरणांची वलयं नमुन्याच्या चित्रात लुडबुड करतात.

२००४ मध्ये संशोधक राइनहार्ड ब्योलर आणि हिरे घडवणारे कोएन डी हान्त्सेटर्स यांनी टेकूची जागाच बदलली. हिऱ्याच्या मागच्या भागाला शंकूचा उतार द्यायचा आणि तो तशाच शंकूच्या खाचेत बसवायचा. भार बाजूंनी पेलला जातो, पाठ मोकळी राहते आणि किरणांना साठ ते नव्वद अंशांचं दार मिळतं. हिरा लहान चालतो; म्हणजे खर्च कमी आणि हिऱ्यातूनच विखुरणाऱ्या किरणांचा गोंगाटही कमी. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी युक्ती.

पुढच्या टोकाची कहाणी वेगळी. १०० गिगापास्कलच्या पुढे सपाट टोकाची कडा ताणाने फुटू लागते, म्हणून तिला काही अंशांचा उतार देतात. त्याहीपलीकडे, ४०० गिगापास्कलच्या वर जायचं तर टोकाभोवती आयनांच्या झोताने वर्तुळाकार खोबण कोरतात. अशा ऐरणींचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तिथे नमुना उरतो जेमतेम काही मायक्रॉनचा. क्ष-किरणांचा झोत त्याहून बारीक नसेल, तर तो शेजारच्या पत्र्यावर पडतो आणि नमुन्याच्या क्षीण रेषा पत्र्याच्या ठळक रेषांखाली गाडल्या जातात.