प्रसिद्ध खेळाडू, चित्रणस्थळ आणि दूरचित्रवाणीचा जाहिरातपट

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती दाखविल्या जाऊ लागल्या. १९८३ च्या विश्वचषक विजयानंतर क्रिकेटपटूंना या माध्यमात विशेष स्थान मिळाले. पामोलिव्हच्या दाढीच्या साबणासाठी कपिल देव आणि पुढे बूस्ट या पेयासाठी कपिल देव व सचिन तेंडुलकर ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. मैदानावर मिळविलेली कीर्ती मैदानाबाहेरील वस्तूच्या विक्रीसाठी उसनी घेणे, हे या जाहिरातपटांचे मूळ तत्त्व आहे. ही उसनवारी प्रत्यक्षात कशी घडते, आणि काही खेळांच्या वाट्याला ती का येत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा या विचारास सोयीचा आहे. कारण तेथे चित्रणास योग्य अशी स्थळेही आहेत आणि राष्ट्रीय कीर्तीचे खेळाडूही.

अशा जाहिरातपटात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे खेळाडूचा वेळ होय. सामने, सराव आणि प्रवास यांतून उरलेले मोजकेच दिवस करारान्वये चित्रणास मिळतात. म्हणून प्रत्येक दृश्य आधी कागदावर रेखाटले जाते. कॅमेऱ्याच्या जागा ठरतात. खेळाडूच्याच उंचीबांध्याचा बदली इसम उभा करून प्रकाशयोजना पूर्ण केली जाते. दुखापतीचा संभव असलेल्या हालचालीही पुष्कळदा बदली इसमाकडूनच करवून घेतल्या जातात. खेळाडू आल्यावर केवळ त्याचा चेहरा ज्यात स्पष्ट दिसतो तीच दृश्ये टिपली जातात. नायके कंपनीच्या २००७ सालच्या जाहिरातपटाची रचना या दृष्टीने बोलकी आहे. वाहतूक खोळंबलेल्या रस्त्यावर, बसगाड्यांच्या टपांवर क्रिकेट खेळणारी अनोळखी तरुण मंडळीच त्यात बहुतांशी दिसतात; श्रीशांत आणि झहीर खान यांचे दर्शन क्षणभरच घडते. तरीही पाहणाऱ्याच्या मनात हा जाहिरातपट त्या दोघांच्या नावांशी जोडला जातो.

दुसरी मर्यादा स्थळाची. सोलापूर–हैदराबाद मार्गावरील नळदुर्गचा किल्ला उदाहरणादाखल घेऊ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच तेथे पाणीमहाल आहे. धरण भरून वाहू लागले म्हणजे त्या भिंतीवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. दृश्य भव्य खरे; परंतु ते पावसाळ्यातच लाभते, आणि पावसाळ्यात ऊन भरवशाचे नसते. पहिले दृश्य उन्हात व पुढचे ढगाखाली घेतले, तर जोडणीत विसंगती उघडी पडते. म्हणून दूरची दृश्ये एकाच प्रकाशात सलग उरकून घेतात आणि जवळची दृश्ये परावर्तक फलकांच्या साहाय्याने नंतर घेतात. काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर भर दुपारी डोळ्यांखाली गडद छाया पडतात. यास्तव सकाळ आणि उतरती दुपार याच वेळा पसंत केल्या जातात. संरक्षित वास्तूत चित्रण करावयाचे तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. गर्दी आवरण्यासाठी पोलिसांचे साहाय्यही घ्यावे लागते. स्थळाचा ऋतू, खात्याची मंजुरी आणि खेळाडूचा मोकळा दिवस हे तिन्ही जुळणे कठीण असते. त्यामुळे निर्मात्यांचा कल शहरातील चित्रशाळेकडे झुकतो.

तिसरा प्रश्न गतीचा. भारतीय दूरचित्रवाणीवर दर सेकंदास २५ चित्रे दाखविली जातात. खो-खोतील खांबालगतचा सूर जेमतेम एका सेकंदाचा असतो. तोच दर सेकंदास १०० चित्रे या वेगाने टिपून नेहमीच्या वेगाने दाखविला, तर तो चार सेकंद चालतो आणि खेळाडूच्या शरीराचा तोल प्रेक्षकाच्या डोळ्यांना उमगतो. मात्र चित्रांची संख्या वाढली की प्रत्येक चित्रास मिळणारा प्रकाश त्या प्रमाणात घटतो. म्हणून अशा चित्रणास अधिक प्रखर उजेड लागतो.

तांत्रिकदृष्ट्या पाहता खो-खो हा जाहिरातपटास अत्यंत अनुकूल खेळ आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. तथापि जाहिरातदार कौशल्य विकत घेत नाही; तो परिचय विकत घेतो, आणि परिचय हा नित्य प्रक्षेपणातून निर्माण होतो. क्रिकेटला तो लाभ कित्येक दशके मिळाला. खो-खोची व्यावसायिक साखळी स्पर्धा दूरचित्रवाणीवर आली ती २०२२ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा तिचा प्रचारदूत म्हणून चित्रपट-अभिनेता सलमान खान याची निवड झाली होती. खेळाच्या प्रचारासाठीदेखील खेळाबाहेरील चेहरा आणावा लागला, यातच परिचयाचे मोल स्पष्ट होते.

उसन्या कीर्तीबरोबर दायित्वही येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दुजोरा देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीस दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक वर्षापर्यंत, व पुढील प्रसंगी तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूस दुजोरा देण्यास मनाई करता येते. दाव्याची योग्य ती शहानिशा केली होती असे दाखविता आले तर तिची सुटका होते. म्हणजे ‘मी केवळ कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो’ हा बचाव पुरेसा नाही. शरीरबलाशी निगडित पेये आणि खाद्ये यांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक. कारण खेळाडूच्या बळाचे श्रेय वर्षानुवर्षांच्या सरावाकडून काढून डब्यातील पदार्थाकडे वळविणे तेथे सर्वांत सोपे असते, आणि त्यावर विश्वास ठेवणारा प्रेक्षक बहुधा शाळकरी मूल असते.

तात्पर्य, धाराशिवसारख्या जिल्ह्यातील खेळाडू जाहिरातपटात दिसत नाहीत, याचे कारण स्थळाची अथवा गुणांची उणीव हे नव्हे. त्यांच्या सामन्यांचे नियमित प्रक्षेपण झाले, तरच तो परिचय निर्माण होईल. आणि त्यानंतर येणारा करार वाचून, दावा तपासून मगच स्वाक्षरी करणे, ही त्या नव्या खेळाडूंची पहिली कसोटी ठरेल.