यमुनेचे पाणी ६५,३३६

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची नजर दिल्लीवर साधारण दर पाच दिवसांनी पडते. चित्रे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यामुळे अरवलीवर हिरवळ किती उरली, सोनीपत-बागपतकडची शेते कधी कापली गेली, यमुनेचे पात्र कुठे सरकले, असले प्रश्न आता घरच्या लॅपटॉपवर सोडवता येतात. पायथॉनच्या दहा-बारा ओळी पुरतात. त्या ओळींत एक चूक मात्र हमखास होते आणि सूत्र कितीही तपासले तरी ती सापडत नाही. चित्रातले आकडे कोणत्या प्रकारचे आहेत आणि त्या प्रकाराचे नाव आपण नीट वाचले का, तिथे ती दडलेली असते.

वजाबाकी कुठे बिघडते

हिरवळ मोजायचे प्रचलित सूत्र अगदी सोपे आहे. अवरक्त पट्ट्याच्या मूल्यातून लाल पट्ट्याचे मूल्य वजा करायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. झाडाचे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त परतवते, म्हणून दाट झाडीचे उत्तर १ कडे झुकते. पाण्याचे उलट असते, तिथे उत्तर शून्याच्या खाली जाते. सेंटिनेल-२ मध्ये हे आठवा आणि चौथा असे दोन पट्टे, दोन्ही १० मीटरच्या पिक्सेलचे.

वजिराबादच्या बंधाऱ्याजवळ पाण्याचा एक पिक्सेल घेऊ. समजा अवरक्त ३०० आणि लाल ५००. वजाबाकी −२००, बेरीज ८००, उत्तर −०.२५. हे झाले कागदावर. पायथॉनमध्ये आकड्यांच्या ॲरे सांभाळणारी नमपाय ही लायब्ररी मात्र वजाबाकीचे उत्तर ६५,३३६ देते आणि भागाकार ८१.६७ येतो.

नमपाय इथे चुकलेली नाही. चित्रातला प्रत्येक आकडा १६ बिटांत ठेवलेला आहे आणि त्याला ऋण चिन्ह ठेवायला जागाच नाही. त्यात ० ते ६५,५३५ एवढेच मावते. जुन्या स्कूटरचा मीटर शून्याच्या मागे फिरवला की सगळे नऊ दिसू लागतात, तसे शून्याखाली गेलेले उत्तर वरच्या टोकाकडून परत येते. ६५,५३६ मधून २०० गेले, ६५,३३६ उरले. ॲरेवर हे घडताना नमपाय साधा इशाराही देत नाही.

या निर्देशांकाचे उत्तर −१ ते १ च्या बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे ८१.६७ निदान डोळ्याला खटकते. खरा घोळ पुढच्या ओळीत होतो. नकाशा सुबक दिसावा म्हणून बरेच जण उत्तर −१ आणि १ च्या मध्ये कापून घेतात. मग ८१.६७ चा होतो १, आणि यमुना दाट जंगल म्हणून रंगते. ओखल्याच्या पक्षी अभयारण्याजवळ नदीवर खरोखरच जलपर्णी माजते, म्हणून नकाशातला हिरवा पट्टा पाहून कोणाला शंकाही येत नाही.

नावातच तीन गोष्टी

या चित्राचा प्रकार विचारला तर नमपाय सांगते: यूइंट१६. (संगणकावर ही नावे रोमन लिपीत टंकावी लागतात, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.) सुरुवातीचा ‘यू’ म्हणजे ऋण चिन्ह नाही. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक. १६ म्हणजे बिटांची संख्या. तिन्ही गोष्टी नावावरूनच कळतात. यूइंट८ मध्ये ० ते २५५, इंट१६ मध्ये −३२,७६८ ते ३२,७६७. फ्लोट३२ मध्ये अपूर्णांक आणि ऋण दोन्ही चालतात, आणि १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक त्यात जसाच्या तसा राहतो. म्हणजे यूइंट१६ मधले एकही मूल्य फ्लोट३२ मध्ये नेताना बिघडत नाही. यमुनेवरचा उपायही हाच: दोन्ही पट्टे आधी फ्लोट३२ करायचे आणि मग वजाबाकी करायची. क्रम उलटला तर काही उपयोग नाही, कारण ६५,३३६ हा आकडाही फ्लोट३२ मध्ये अगदी नेमका बसतो.

नावे नेहमी इतकी सरळ नव्हती

सी भाषेत वर्षानुवर्षे ‘शॉर्ट’, ‘लाँग’, ‘अनसाइन्ड कॅर’ अशी नावे चालली. त्यांत रुंदीचा पत्ता नाही. ‘लाँग’ ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचाच. १९९९ च्या सी प्रमाणकाने रुंदी सांगणारी नावे आणली, पण तोवर जुन्या नावांची मुळे खोल गेली होती.

त्याच १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशातून आयटीके या वैद्यकीय चित्रांच्या लायब्ररीचे काम सुरू झाले. तिच्या पायथॉन आवृत्तीत पिक्सेलच्या प्रकारांना यूसी, यूएस, एसएस, एफ, डी अशी आद्याक्षरे आहेत. यूएस म्हणजे अनसाइन्ड शॉर्ट आणि एसएस म्हणजे साइन्ड शॉर्ट, हे ज्याला सी येते त्यालाच कळावे. सीटी स्कॅनमध्ये पाणी ० आणि हवा −१००० धरतात, म्हणून तिथे एसएस लागतो. तिथे चुकून यूएस लिहिले की फुप्फुसातली हवा हाडापेक्षा घट्ट होऊन बसते. असा एका अक्षराचा फरक अपुऱ्या झोपेत काम करणाऱ्या निवासी डॉक्टरपुढे ठेवणे मला तरी क्रूर वाटते.

पिलो या लायब्ररीत आठ बिटांच्या करड्या चित्राला नुसते ‘एल’ म्हणतात, ३२ बिटांच्या पूर्णांकांना ‘आय’ आणि फ्लोट३२ ला ‘एफ’. ओपनसीव्हीने ८यू, १६यू, ३२एफ अशी निदान रुंदी सांगणारी नावे ठेवली. उपग्रहचित्रे उघडणाऱ्या जीडॅलमध्ये आठ बिटांचे नाव ‘बाइट’. तिच्यावरच उभ्या असलेल्या रास्टेरिओने मात्र नमपायची नावे उचलली आणि बरे केले.

खुद्द नमपायमध्येही सापळे आहेत. तिथे पूर्ण नावाबरोबर संक्षेपही चालतो, आणि संक्षेपातला आकडा बिटांचा नसून बाइटांचा असतो. ‘यू२’ म्हणजे यूइंट१६, ‘एफ४’ म्हणजे फ्लोट३२. आता ‘यू८’ म्हणजे काय? यूइंट८ असे वाटेल, पण तो यूइंट६४ आहे, अपेक्षेच्या आठपट रुंद. शिवाय एकाक्षरी खुणा आहेतच: मोठा ‘एच’ बिनचिन्हाचा, लहान ‘एच’ चिन्हाचा. लायब्ररी लिहिणाऱ्यांची टंकायची मेहनत यात वाचली असेल, वाचणाऱ्याची मेहनत मात्र वाढली.

नुसते ‘फ्लोट’ आणि ‘इंट’ ही नमपायमधली टोपणनावे २०२१ च्या १.२० आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये काढून टाकली. जुने प्रोग्रॅम धडाधड अडले. तक्रारी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या नावात रुंदी नाही, ते चित्रांच्या कामात नसलेलेच बरे.

सायकिट-इमेजचा ‘यूइंट’

पायथॉनमध्ये चित्रांवर शास्त्रीय काम करणाऱ्यांची आवडती लायब्ररी म्हणजे सायकिट-इमेज. स्टेफान व्हान डर वाल्ट यांनी ती २००९ मध्ये सुरू केली. तिच्यात चित्राचा प्रकार बदलणारी फंक्शने आहेत: ‘इमेज ॲज यूबाइट’, ‘इमेज ॲज यूइंट’, ‘इमेज ॲज इंट’, ‘इमेज ॲज फ्लोट’. ‘इमेज ॲज यूइंट’ चित्र १६ बिटांत नेते. नमपायमध्ये मात्र नुसते ‘यूइंट’ म्हटले की लिनक्सवर ६४ बिट मिळतात. दोन्ही लायब्ररी एकाच फाइलमध्ये वापरायच्या आणि एकाच नावाचे दोन अर्थ डोक्यात ठेवायचे! नंतर आलेल्या ‘इमेज ॲज फ्लोट३२’ आणि ‘इमेज ॲज फ्लोट६४’ या नावांत ही कसूर नाही.

दुसरी गोष्ट रुंदीच्या पलीकडची आहे. ही फंक्शने प्रकार बदलताना मूल्येही ताणतात किंवा आकसतात. सायकिट-इमेजच्या मते यूइंट१६ चित्रात ६५,५३५ म्हणजे पूर्ण पांढरा, म्हणून फ्लोट करताना ती ६५,५३५ ने भागते. छायाचित्राला हे योग्यच. सेंटिनेल-२ च्या चित्रात मात्र परावर्तन १०,००० ने गुणून ठेवलेले असते. खरे परावर्तन ०.३५ असलेला, म्हणजे ३,५०० हे मूल्य असलेला पिक्सेल या फंक्शनमधून ०.०५३४ होऊन बाहेर पडतो. हिरवळीच्या सूत्रात हा गुणक वर-खाली दोन्हीकडे असल्याने कटतो आणि उत्तर बरोबर येते. परावर्तन अमुकपेक्षा जास्त असेल तर ढग समजायचा, अशी अट लावली की सगळे ढग गायब. म्हणून उपग्रहचित्रासाठी नमपायचे साधे रूपांतर वापरायचे, जे मूल्यांना हात लावत नाही.

सायकिट-इमेजच्या कडकपणाचा एक फायदा सांगायला हवा. −१ ते १ च्या बाहेरचे फ्लोट चित्र ‘इमेज ॲज यूबाइट’ ला दिले तर ती सरळ नकार देते. ८१.६७ वाली यमुना तिथेच पकडली जाते, आधी कोणी कापाकापी केली नसेल तर.

हजाराची भर

वातावरणाचा परिणाम वजा केल्यावर काळ्याभोर पाण्याचे किंवा गडद सावलीचे परावर्तन कधी कधी किंचित ऋण निघते. यूइंट१६ मध्ये ते ठेवता येत नाही, त्यामुळे पूर्वी अशी मूल्ये खालच्या टोकाला कापली जात. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रत्येक मूल्यात १,००० मिळवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे आता आधी १,००० वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचे. वरच्या उदाहरणांतली मूल्ये ही भर नसलेली आहेत.

ही वजाबाकीही यूइंट१६ मध्येच केली तर ९६० वजा १,००० म्हणजे ६५,४९६, आणि परावर्तन ६.५५. पडलेल्या प्रकाशाच्या साडेसहापट प्रकाश परतवणारी सावली!

हजार वजा करायचेच विसरले तर वेगळे घडते. समजा अरवलीतल्या एका झाडीची खरी मूल्ये ३,५०० आणि ५०० आहेत. निर्देशांक ०.७५. भर तशीच राहिली तर ४,५०० आणि १,५००, वजाबाकी तीच ३,०००, बेरीज ६,०००, निर्देशांक ०.५. म्हणजे २०२१ चे आणि २०२३ चे चित्र शेजारी ठेवले तर अरवलीतल्या मांगर बनी या जंगलातले एकही झाड न तुटता तिथली हिरवळ एक तृतीयांशाने घटलेली दिसेल. जंगलतोडीवर बोलताना असा नकाशा पुढे आला, तर आधी त्यातल्या हजारांचे काय केले ते विचारावे.

धुक्याच्या रात्री

दिल्लीचे धुके हा हवामान खात्याच्या मौसम भवनाचा हिवाळी विषय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून इंदिरा गांधी विमानतळावर धुक्याचा प्रयोगही चालवला आहे. आकाशातून धुके पाहायचे काम इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेला इन्सॅट-३डीएस करतात. रात्री दृश्य प्रकाश नसतो, म्हणून ३.९ आणि १०.८ मायक्रोमीटरच्या आसपासच्या दोन अवरक्त पट्ट्यांची तापमाने वजा करतात. धुक्याचे बारीक थेंब पहिल्या पट्ट्यात कमी ऊर्जा सोडतात, त्यामुळे तिथले तापमान काही अंशांनी कमी दिसते.

इन्सॅटचे कच्चे मूल्य १० बिटांचे, म्हणजे ० ते १,०२३. संगणकात १० बिटांचा प्रकार नसतो, म्हणून ते १६ बिटांत ठेवतात आणि सोबतच्या तक्त्यातून त्याचे केल्विन करतात. प्रकाराचे नाव वाचून हे कळत नाही: यूइंट१६ म्हणजे १६ बिटांची जागा, १६ बिटांची माहिती नव्हे.

हीच केल्विन मूल्ये जागा वाचवायला कोणी शंभराने गुणून यूइंट१६ मध्ये ठेवली, तर धुक्याचा ऋण फरक पुन्हा यमुनेसारखा उलटतो. इंट१६ घेतला तर फरक नीट निघतो, पण कमाल तापमान ३२७.६७ केल्विन, म्हणजे साडेचोपन्न अंश सेल्सियस. जानेवारीत ते पुरते. मे महिन्यात राजस्थानची तापलेली जमीन ही मर्यादा ओलांडू शकते.

नमपाय २ मध्ये काय बदलले

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली. विंडोजवर पूर्णांकाची डिफॉल्ट रुंदी आता ६४ बिट झाली, म्हणजे दोन यंत्रांवर दोन उत्तरे येण्याचे एक कारण संपले. यूइंट८ ॲरेत ३०० मिळवू गेल्यास आता थेट त्रुटी येते, कारण ३०० त्या प्रकारात मावतच नाही. पूर्वी प्रकार गुपचूप रुंद व्हायचा. मात्र यूइंट१६ मधून १,००० वजा करताना नवी आवृत्तीही गप्पच राहते, कारण १,००० त्यात सहज मावतो.

जागेचा हिशोब

सगळे फ्लोट६४ करून मोकळे व्हावे, असे वाटणे साहजिक आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे क्षेत्रफळ सुमारे ५५,०८३ चौरस किलोमीटर, म्हणजे १० मीटरचे ५५ कोटी पिक्सेल. एक पट्टा यूइंट१६ मध्ये १.१ जीबी, फ्लोट३२ मध्ये २.२, फ्लोट६४ मध्ये ४.४. दोन पट्टे, बेरीज, वजाबाकी आणि उत्तर असे पाच ॲरे एकदम उघडले की फ्लोट६४ ला २२ जीबी लागतात. फ्लोट३२ मध्ये ११ जीबीत काम होते आणि अचूकता पुरून उरते.

फ्लोट१६ चा मोह टाळावा. त्यात २,०४८ पर्यंतचेच पूर्णांक नेमके राहतात, म्हणून इन्सॅटचे १,०२३ निभावतात, सेंटिनेलचे ३,५०१ मात्र ३,५०० होतात आणि ६५,५३५ तर अनंत होऊन बसतो. उत्तर साठवायला जुनी, भक्कम रीत आहे: निर्देशांक १०,००० ने गुणून इंट१६ मध्ये ठेवायचा. नासाच्या मोडिस या उपग्रह-संवेदकाची हिरवळीची चित्रे तशीच येतात, −२,००० ते १०,००० मध्ये, आणि जिथे माहिती नाही तिथे −३,०००.